तातडीचा परवाना, पण कशाचा?

गेल्या वर्षभरात शहापूर आणि मुरबाडच्या तीन तरुणांनी मला जवळपास एकच प्रश्न विचारला. एक जण म्हशाच्या जत्रेत आणि आठवडी बाजारांत शेळ्या-बोकडांचा व्यापार करतो. दुसरा रात्री दुधाची गाडी घेऊन नाशिक महामार्गाने मुंबईला जातो. तिसऱ्याच्या वडिलांनी जमावाने केलेल्या जबर मारहाणीच्या एका प्रकरणात साक्ष द्यायचे ठरवले आहे आणि त्यांना फोनवर धमक्या येत आहेत. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून “भाई, तुम्हाला ऑनलाइनचं कळतं” असे म्हणत तिघांनी विचारले: जिवाला धोका असेल तर पिस्तुलाचा परवाना तातडीने निघतो का? कपड्याआड ठेवून फिरता येते का?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०२३ च्या जून महिन्यात शहापूर तालुक्यातील विहीगावजवळ जनावरे नेणारा टेम्पो स्वतःला गोरक्षक म्हणवणाऱ्या टोळक्याने अडवला. टेम्पोतील एका तरुणाचा मृतदेह दोन दिवसांनी इगतपुरीजवळ घाटनदेवीच्या दरीत सापडला. पुढच्याच महिन्यात, ३१ जुलैला, जयपूर-मुंबई एक्सप्रेसमध्ये पालघर जिल्ह्याच्या हद्दीत रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानाने आपला वरिष्ठ अधिकारी आणि तीन मुस्लिम प्रवासी यांना सरकारी बंदुकीने ठार केले. त्यानंतर या भागातून रात्रीचा प्रवास करणाऱ्या पोरांच्या डोक्यात “आपल्याजवळ काहीतरी असायला हवे” हा विचार आला, तर त्यांना दोष देता येत नाही. भीती खरी आहे. म्हणून उत्तरही खरे द्यायला हवे.

पहिले उत्तर सरळ आहे. भारतात तातडीचा शस्त्रपरवाना असा प्रकारच नाही. अमेरिकेतल्या काही राज्यांत तो आहे. उदाहरणार्थ, नॉर्थ कॅरोलिनात संकट दाखवून दिले, तर तिथला शेरीफ ४५ दिवसांपुरता छुपे पिस्तूल बाळगण्याचा तात्पुरता परवाना देऊ शकतो. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांच्या चौकटीतच सगळे होते. मुंबई-ठाण्यासारख्या आयुक्तालयांत परवाना पोलीस आयुक्त देतात. शहापूर-मुरबाडसारख्या ग्रामीण भागात तो जिल्हाधिकाऱ्यांकडून येतो. अर्ज आता ऑनलाइन भरता येतो, त्यामुळे लोकांना वाटते की आधार कार्डासारखे हेही होऊन जाईल. पण अर्जानंतर जवळच्या पोलीस ठाण्याचा अहवाल लागतो, वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. वय २१ पूर्ण हवे. त्यापुढे पिस्तूल विकत घ्यायचे, तर किंमत लाखाच्या घरात जाते. ज्याला आज रात्री कसाऱ्याच्या घाटातून गाडी न्यायची आहे, त्याला या रस्त्याने काही मिळणार नाही.

छुप्या पिस्तुलाबद्दलही गैरसमज आहे. परवाना असलेल्याने शस्त्र सार्वजनिक ठिकाणी नेताना ते म्यानात किंवा पिशवीत पूर्ण झाकलेले असावे, असे आपले नियमच सांगतात. ते दाखवत फिरणे हाच गुन्हा आहे. म्हणजे परवाना मिळालाच, तर शस्त्र झाकून न्यायला मनाई नाही. मनाई आहे ती दहशत माजवण्याला. पण रोज टीव्हीवर आणि मिरवणुकांत आपण नेमके उलटे पाहतो.

आता दुसरा मुद्दा, परवाना मिळतो कोणाला? कायदा वाचला तर आश्चर्य वाटेल अशी एक ओळ त्यात आहे: अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. नाकारला तर कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि त्यावर अपील करता येते. कागदावर शेळीचा व्यापारी आणि आमदार सारखे आहेत. पण पिस्तुलासाठी ‘सबळ कारण’ आहे असे अधिकाऱ्याचे समाधान व्हावे लागते, आणि हे समाधान ओळखीच्या माणसाबाबत लवकर होते. बीड जिल्ह्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची डिसेंबर २०२४ मध्ये हत्या झाली, तेव्हा त्या एका जिल्ह्यात बाराशेच्या वर शस्त्रपरवाने असल्याचे लोकांसमोर आले. मग प्रशासनाने छाननी करून अनेक परवाने रद्द केले. सरपंचांना मात्र त्या बाराशे बंदुकांपैकी एकीनेही वाचवले नाही.

आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण घ्या. २ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात, कल्याण पूर्वचे तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड यांनी शिवसेनेचे महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्याचे प्रकरण घडले. मूळ वाद जमिनीचा होता. खटला न्यायालयात आहे, त्यामुळे निकालाआधी दोष ठरवणे आपले काम नाही. पण सीसीटीव्हीचे चित्रण साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. पाठोपाठ सहाच दिवसांनी बोरिवलीत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची फेसबुक लाइव्ह सुरू असताना हत्या झाली. त्यात वापरलेले पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाचे, परवान्याचे होते. स्वसंरक्षणासाठी दिलेले शस्त्र रागाच्या क्षणी कुणाच्या हातात असेल, हे परवान्यावर लिहिलेले नसते. आज समृद्धी महामार्गामुळे शहापूर तालुक्यात जमिनीचे भाव कुठल्या कुठे गेले आहेत. सख्ख्या भावांत सातबाऱ्यावरून कोर्टकचेऱ्या चालू आहेत. अशा गावांत घरोघरी पिस्तुले आली, तर पहिली गोळी कुणाला लागेल? रस्त्यावरच्या टोळक्याला, की चुलत्याला?

तिसरा मुद्दा सर्वांत कठीण आहे, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. समजा, विहीगावच्या त्या टेम्पोत एक परवान्याचे पिस्तूल असते, तर?

रात्रीची वेळ, अडवलेली गाडी, भोवती डझनभर माणसे, हातात काठ्या आणि सळया. पिस्तुलात मोजक्या गोळ्या. झाडणारा सराव नसलेला, घाबरलेला. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी वांद्र्यात माजी मंत्री बाबा सिद्दीकी यांची हत्या झाली, तेव्हा त्यांच्यासोबत पोलीस अंगरक्षक होता. वेळ आणि जागा हल्लेखोर निवडतो. बचाव करणाऱ्याला फक्त दोन-तीन सेकंद मिळतात. प्रशिक्षित पोलिसाला ते साधले नाही, तिथे टेम्पोवाल्याचे काय?

आणि गोळी लागलीच, तर पुढे काय? भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी बचावाचा हक्क आहे. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असेल, तर हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंतही तो जातो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही आणि सरकारी यंत्रणेकडे जायला वेळ असेल तर हा हक्क उरत नाही. हे सगळे कोर्टात ठरते, बहुधा काही वर्षांनी, आणि तोवर आत कोण असतो हे आपल्या मोहल्ल्यात वेगळे सांगायला नको.

गुलबर्ग सोसायटीचे उदाहरण विसरता येत नाही. २८ फेब्रुवारी २००२ रोजी अहमदाबादेत माजी खासदार एहसान जाफरी यांच्या घराला जमावाने वेढा घातला. त्यांच्याकडे परवान्याची बंदूक होती. त्या दिवशी तिथे ६९ माणसे गेली, जाफरीही गेले. २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने अनेकांना शिक्षा ठोठावली, पण त्याच निकालात जाफरींच्या गोळीबारामुळे जमाव अधिक भडकला असेही नोंदवले. हे निरीक्षण मला पटत नाही. वेढ्यात सापडलेल्या म्हाताऱ्या माणसाने शेवटच्या क्षणी बंदूक उचलली, तर तो दंग्याचे कारण कसा होतो? पण मला न पटल्याने निकालातले वाक्य पुसले जात नाही. बंदुकीने जीव वाचला नाही, आणि मेल्यावर तिचा हिशेब मात्र मृताच्याच नावावर मांडला गेला.

बंदूक बाळगूनही नेमक्या तणावाच्या वेळी ती जवळ नसते, हेही सांगितले पाहिजे. निवडणुका लागल्या की परवानाधारकांना शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करायला सांगितले जाते. सण-मोर्चांच्या काळात जिल्ह्यात मनाई आदेश निघतात, त्यांत शस्त्र घेऊन फिरण्यावर बंदी असते. म्हणजे वातावरण तापले की कायदेशीर शस्त्र कपाटातून पोलिसांच्या मालखान्यात जाते. ज्यांच्याकडे बेकायदा आहे, त्यांचे कोणी जमा करून घेत नाही.

इथेच माझी खरी चिंता आहे. आमच्या व्यवसायात एक साधा अनुभव असतो: सिस्टम हळू चालली की लोक आडवाट शोधतात. परवान्याची आडवाट म्हणजे गावठी कट्टा. लाखाचे पिस्तूल आणि दीड वर्षाची वाट यांच्याऐवजी कोणीतरी ओळखीचा “अरे, मी देतो आणून” म्हणतो. मित्रांनो, तिथे थांबा. बिगरपरवाना शस्त्राची किमान शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीने वाढवली आहे. “जिवाला धोका होता” हे उत्तर चालत नाही. १९९२-९३ च्या दंगलीच्या काळात कुटुंबाच्या संरक्षणासाठी शस्त्र ठेवले, असे अभिनेते संजय दत्त यांचे म्हणणे होते. एवढे मोठे नाव, वडील खासदार, नामवंत वकील. तरीही मार्च २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवून पाच वर्षांची शिक्षा दिली. शहापूरच्या पोराच्या कमरेला कट्टा सापडला, तर त्याच्यावर कोणकोणती कलमे लागतील आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या गावाविषयी कोणत्या बातम्या येतील, याचा अंदाज तुम्हीच करा.

कोणी म्हणेल, हे सगळे खरे, पण पोलीस येतच नाहीत त्याचे काय? हा आक्षेप खोटा नाही. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात २०१५ मध्ये एका महिलेने माजी जोडीदाराच्या भीतीने बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज केला होता. न्यायालयाचा संरक्षण आदेश तिच्या हातात होता. अर्जावर ३० दिवसांत निर्णय व्हायला हवा होता. तो झाला नाही आणि तिच्या घरासमोरच तिचा खून झाला. तिला बंदुकीने वाचवले असते का, यावर वाद होऊ शकतो. उत्तर वेळेत मिळायला हवे होते, यावर वाद नाही.

त्याच देशातली आणखी जुनी गोष्ट. ३० जानेवारी १९५६ रोजी मॉन्टगोमेरीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. त्यांनी छुपे पिस्तूल बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला. ज्याच्या घरावर बॉम्ब पडला त्याच्याहून अधिक धोका कुणाला असणार? अर्ज फेटाळला गेला. परवाना अधिकाऱ्याच्या मर्जीवर असतो तेव्हा सर्वाधिक धोक्यातल्या माणसालाच तो नाकारला जातो, हा यातला पहिला धडा. दुसरा धडा असा की किंग यांनी पुढे घरातली शस्त्रेही काढून टाकली आणि लढा चालवला तो बसच्या बहिष्काराने, कोर्टाने, संघटनेने. बसमधला भेद त्या वर्षअखेरीस संपला.

आपल्याकडेही हा प्रश्न नवा नाही. संविधान सभेत हरि विष्णु कामथ यांनी शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क असावा अशी सूचना मांडली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. स्वतः आयुष्यभर धमक्या आणि बहिष्कार सोसलेल्या माणसाने हा निर्णय घेतला, याचा अर्थ मी असा लावतो: जिथे गावाची सत्ता काहींच्याच हातात आहे, तिथे शस्त्राचा सर्वांना दिलेला हक्क शेवटी त्यांच्याच हातात जाऊन बसतो. मे २०२५ मध्ये आसामच्या मंत्रिमंडळाने ‘संवेदनशील’ भागांतल्या मूळ रहिवाशांना शस्त्रपरवाने देण्याची योजना मंजूर केली. ज्या जिल्ह्यांची नावे घेतली गेली, त्यांत धुबरी, बारपेटासारखे मुस्लिमबहुल जिल्हे आहेत. शस्त्र वाटायला सुरुवात झाली की ते कुणाला मिळते आणि कुणाकडे रोखले जाते, ते यातून दिसते. बंदुकांच्या शर्यतीत आपण उतरलो, तर ती आपण आधीच हरलेलो आहोत.

मग तातडीचे काय मिळते? बंदूक नाही, पण संरक्षण मागण्याचा हक्क मिळतो, आणि तो आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत आहे.

साक्षीदाराच्या मुलाने मला विचारले, त्याचे उत्तर सर्वांत स्पष्ट आहे. महाराष्ट्राने २०१७ मध्येच साक्षीदार संरक्षणाचा कायदा केला. ५ डिसेंबर २०१८ रोजी महेंदर चावला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ नेही राज्यांवर ती जबाबदारी टाकली आहे. त्या योजनेनुसार गंभीर गुन्ह्यातला साक्षीदार किंवा त्याचा कुटुंबीय अर्ज करू शकतो. जिल्ह्याच्या समितीचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश असतात. धोक्याचा अहवाल पोलिसांनी पाच कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो, आणि निकड असेल तर त्याआधीही अंतरिम संरक्षण मिळू शकते. घराभोवती गस्त, कोर्टात जाताना पोलीस सोबत, घराला कॅमेरे, फोन नंबर बदलून देणे, गरज पडल्यास दुसरीकडे राहण्याची सोय, अशी सोयींची यादीच त्यात आहे. तातडीचा परवाना म्हणून जे शोधत होतो ते हेच.

जमावाच्या हिंसेबाबत सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी तहसीन पूनावाला खटल्यात आदेश दिले: प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाच्या दर्जाचा नोडल अधिकारी, संवेदनशील ठिकाणी गस्त, पीडितांना भरपाई. पाच किंवा अधिक जणांनी मिळून समुदाय वगैरे कारणांवरून खून केला, तर न्याय संहितेच्या कलम १०३(२) नुसार फाशी किंवा जन्मठेप आहे. फिर्याद कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. टोकावड्याची घटना मुरबाडला किंवा कल्याणलाही नोंदवता येते. इलेक्ट्रॉनिक मार्गानेही माहिती देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. नोंद नाकारली तर अधीक्षकांकडे लेखी, आणि तिथेही नाही झाले तर दंडाधिकाऱ्यांकडे.

इथे माझ्या व्यवसायातली एक उपयोगी गोष्ट सांगतो. धमकीचा पुरावा आपण स्वतःच मोडतो. मेसेज आला की स्क्रीनशॉट काढून दहा ग्रुपवर टाकतो आणि मूळ मेसेज घाबरून पुसतो. हे करू नका. मूळ मेसेज त्याच फोनमध्ये राहू द्या, फोन फॉरमॅट करू नका, विकू नका. कॉलची तारीख, वेळ, नंबर आणि बोललेले शब्द त्याच दिवशी वहीत लिहा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्यही द्यावे लागते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा समजा: एक अक्षर बदलले तरी तो जुळत नाही. फॉरवर्ड होत होत आलेल्या चित्राला तो अंगठा नसतो. अर्जाच्या दोन प्रती घ्या, एकीवर पोच घ्या. पोच नसलेला अर्ज हा न दिलेला अर्ज.

संकटात ११२ लावा. तुमच्या कंपनीची रेंज नसेल आणि दुसऱ्या कंपनीचा टॉवर जवळ असेल, तर आपत्कालीन कॉल त्यावरून जाऊ शकतो. माळशेजच्या पायथ्याला राहणाऱ्यांना याचे मोल कळेल.

आता मागणी. ठाणे ग्रामीण पोलीस आणि जिल्हा प्रशासनाकडे आपण तीन गोष्टी मागायला हव्यात. शहापूर, वाशिंद, किन्हवली, कसारा, मुरबाड, टोकावडे या प्रत्येक ठाण्याच्या दर्शनी भागात जमाव-हिंसाविरोधी नोडल अधिकाऱ्याचे नाव आणि नंबर लावा. जिवाच्या धोक्याच्या अर्जाला त्याच दिवशी पोच आणि पाच दिवसांत लेखी उत्तर द्या. साक्षीदाराला जी मुदत आहे, ती रस्त्यावर अडवल्या जाणाऱ्या व्यापाऱ्याला आणि चालकालाही लागू करा. आणि जिल्ह्यात शस्त्रपरवाने किती, कोणत्या कारणासाठी, किती नाकारले, याची आकडेवारी दरवर्षी जाहीर करा. परवाना देताना आणि नाकारताना प्रशासनाचा हात कुठे सैल पडतो, हे लोकांना दिसले पाहिजे.

आणि आपले काम? प्रत्येक वस्तीत दोघे तरी असे हवेत ज्यांना हा अर्ज लिहिता येतो आणि जे घाबरलेल्या माणसासोबत ठाण्यात जाऊन बसतात. शहापूर आणि मुरबाडला तालुका विधी सेवा समित्या आहेत. महिला, आदिवासी, दलित आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना तिथून मोफत वकील मिळतो. रात्री गाडी नेणाऱ्यांनी खरेदीची पावती, वाहतुकीची कागदपत्रे आणि दोघांचे लाइव्ह लोकेशन याशिवाय निघू नये. आणि हे काम केवळ आपल्यापुरते ठेवू नका. जनावरांचा बाजार कुणबी आणि ठाकूर शेतकऱ्यांशिवाय चालत नाही. भाकड बैल विकता न येण्याची झळ त्यांनाही लागते. त्यांची सही आपल्या निवेदनावर असेल, तर ते निवेदन एका समाजाचे राहत नाही, तालुक्याचे होते.

तिघा तरुणांना मी हेच सांगितले. साक्षीदाराच्या मुलाचा अर्ज आम्ही मिळून लिहिला आहे; तारखा, वेळा, नंबर सगळे त्यात आहे. त्याच्या वडिलांनी सही करताना एकच विचारले, “साक्ष देईपर्यंत संरक्षण मिळेल ना?” या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, याची जबाबदारी शासनाची आहे. ते उत्तर मिळेपर्यंत त्यांच्या सोबत चालत राहणे मात्र आपल्याकडे आहे, आणि त्यासाठी कुणाच्या परवान्याची गरज नाही.